पाठवणीची चिठ्ठी

हळद लागायला दोन तास उरले होते आणि आहेराच्या बावीस चिठ्ठ्या अजून बाकी होत्या. घराच्या पुढच्या सपरीत चटई टाकून कमळा सकाळपासून बसली होती. मागल्या वर्षी चांद्याच्या शिवणवर्गात ती हे काम शिकून आली होती. जाड पुठ्ठ्याचे आंब्याच्या पानाएवढे तुकडे कापायचे, टोकाला दाभणानं भोक पाडायचं, त्यातून रिबन ओवून फूल बांधायचं आणि फुलाखाली धाग्यांचा गोंडा सोडायचा. वर्गात गोंड्याला लोकर होती. अहेरीच्या बाजारात लोकर कुठली मिळायला? तिनं जंगलातल्या गावच्या सोमारीकडून रेशीमकिड्यांचे फुटके कोसे मागवले, राखेच्या पाण्यात उकळून त्यांचे तंतू ओढले आणि निम्मे तंतू पळसफुलांच्या पाण्यात रंगवले. अंबाडीचा वाख विंचरून हळदीत बुडवला. चिकटवायला धावड्याचा डिंक होताच. आता चटईवर केशरी, पिवळे, पांढरे गोंडे ओळीनं वाळत पडले होते आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई दोन मिनिटं तिथं थांबत होती.

"बाई, अहेरीच्या वऱ्हाडानं असं कधी पाह्यलं नसन," रंभा म्हणाली. नवरी मुलगी म्हणून तिला कोणी कामाला हात लावू देत नव्हतं, पण रिबनीचे तुकडे कापायचं काम तिनं थोरल्या बहिणीकडून हट्टानं मागून घेतलं होतं. "माही सासू लुगडं पाहीन का चिठ्ठी पाहीन?"

"सासू लुगड्याचा पदर पाहीन आन् तुह्या माहेराले नाव ठेवीन," कमळा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

चिठ्ठ्यांवर नावं लिहायचं काम त्यांच्या भावाचं, गुणवंतरावाचं. कमळाचं अक्षर भावापेक्षा चांगलं होतं, सातवीपर्यंत शिकलेली ती घरात एकटीच. पण आहेराची नावं घरच्या कर्त्यानं लिहावीत अशी रीत होती. आतून सुगंधाबाई शेवटची चळत घेऊन आली, चटईवर ठेवली आणि लगेच वळली. एरवी ही वहिनी दहा मिनिटं बोलल्याशिवाय हलत नसे.

कमळानं पहिली चिठ्ठी उचलली. बोरूनं ठसठशीत लिहिलं होतं: श्री. पत्रूजी निकुरे, थोरले जावई. मानाचा धोतरजोडा व उपरणं.

तिनं दुसरी उचलली. सौ. कमळा पत्रूजी निकुरे. लुगडं, खण, ओटी. आणि खाली, जरा बारीक अक्षरात: सासरी पाठवणी.

तिनं ती दोनदा वाचली. मग हाक मारली, "वहिनी."

सुगंधाबाई दारात थांबली. "काय बाई?"

"हे काय होय?"

"यायनं लिवलं. मले कुठी वाचता येते!"

"वाचता येत नाई, पन ऐकता येते ना? पत्रूजी येऊन राह्यले हे तुमाले माईत होतं?"

सुगंधाबाईनं पदर सावरला. "चार वाजेतोवर पोचतीन म्हनत होते."

"आन् लगन झाल्यावर मले त्याच्या बैलाच्या रेंगीत बसवून देनार. लुगडं नेसवून, ओटी भरून. सारं ठरलं. फक्त मलेच सांगाचं राह्यलं." कमळाचा आवाज चढला नव्हता. चिठ्ठी तिनं वहिनीपुढं धरली. "आन् ही चिठ्ठी सजवाले माह्याच हातात देल्ली! याले कोनता गोंडा लावू, वहिनी? केशरी का पिवळा?"

रंभाच्या हातातली कात्री थांबली. "बाई, मले नव्हतं माईत. तुही आन."

"भाऊले बोलव," कमळा म्हणाली.

*

गुणवंतराव मांडवावर जांभळीच्या डहाळ्या बांधून घेत होता. रंभा धावत त्याला बोलवायला गेली आणि सुगंधाबाई दारातच उभी राहिली. चार दिवसांपूर्वी नवऱ्यानं तिला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, लग्नाआधी सांगा जी, बाई शिकलेली हाय. तो म्हणाला होता, लग्नाच्या गर्दीत ती तोंड उघडणार नाई. तेव्हा तिला ते पटलंही होतं. नणंद तीन वर्षं माहेरी होती, आणि गावातल्या बायांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता सुगंधाबाई कंटाळली होती.

गुणवंतराव आला, चटईकडे पाहिलं, आणि आधी बायकोवरच डाफरला. "तुले हे चिठ्ठी लगन लागल्यावर दे म्हनलं होतं ना?"

"तिच्यावर काऊन चिडता, भाऊ? लिवलं तुमी," कमळा उठून उभी राहिली. "त्यानं तीन वर्सांआधी दुसरी बायको आनली. माय बिमार म्हनून मी इथी आलेली, आन् तिकडं त्यानं मंगलीले घरात घेतली. माहे कपडे गावच्या मान्साच्या हाती धाडून देल्ले. त्या मान्साले मानाचा धोतरजोडा?"

"हळू बोल. मांडवात लोकं हायत."

"त्याइले बी ऐकू द्या."

"ऐक आधी!" गुणवंतरावानं दातओठ खाल्ले. "साक्षगंधाच्या दिवशी रंभाच्या सासऱ्यानं, दादाजीनं विचारलं, थोरले जवाई काऊन नाई दिसत? काय सांगू मी त्याइले? थोरली पोरगी टाकलेली हाय आन् धाकटी तुमाले देऊन राह्यलो? मी म्हनलं, कामात गुतले, लग्नाले येतीन. आता तो आला नाई त उद्या हे लगन मोडंन. रंभाच्या जलमाचं काय?"

"माह्या जलमाचं काय?"

"तुहा जलम त्याच्या घरी हाय. आन् तो चांद्याच्या कोर्टातला कागद मागं घेजो. त्याच बोलीवर येऊन राह्यला तो."

कागदाचं नाव निघालं तशी कमळा एक पाऊल पुढे आली. नव्या कायद्यानं सवत आणलेल्या नवऱ्यापासून काडीमोड मागता येतो, हे शिवणवर्गाच्या बाईंनी तिला सांगितलं होतं आणि वकीलही त्यांनीच पाहून दिला होता.

"कागदावर त्यानं काय जवाब देल्ला, माईत हाय तुमाले? म्हनते, म्या दुसरं लगन केलंच नाई. मंगली शेतावरची कामाची बाई हाय. वकीलसाहेब म्हनते, लगन पाह्यलेला एक तरी मानूस आन. त्या गावचं कोनीच त्याच्या विरोधात उभं राहाले तयार नाई. सहा महिने झाले, मी दारोदार फिरून राह्यली. आन् तुमी त्याले धोतर नेसवता!"

सुगंधाबाई नवऱ्याकडे पाहत होती. तो काहीतरी उलट बोलेल असं तिला वाटलं. पण 'लगन पाह्यलेला मानूस' म्हणताच त्यानं मान वळवली आणि मांडवाच्या खांबाकडे पाहत राहिला. बारा वर्षांच्या संसारात ती त्याचं हे मान वळवणं ओळखून होती. तिला काही कळलं नाही, पण बरं वाटलं नाही.

कमळानं कात्री उचलली, पाठवणीची चिठ्ठी मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे भावाच्या पायाशी टाकले.

गुणवंतरावानं चटईला लाथ मारली. गोंडे, रिबनी, डिंकाची वाटी, सारं अंगणात उडालं. सकाळपासूनच्या चिठ्ठ्या शेणसड्यावर पालथ्या पडल्या. रंभा ओरडली. आणि तेवढ्यात आतून त्यांच्या मायचा, रुखमाबाईचा आवाज आला, "बस्स करा! हळदीचं घर होय हे का बाजार?"

*

रुखमाबाईला दोन्ही लेकींची काळजी होती, पण ती सारखी नव्हती. रंभाची काळजी उद्या संपणार होती. कमळाची आपल्या मरणानंतरही उरेल या भीतीनं तिला झोप लागत नसे. पत्रूला बोलाव, असं गुणवंताला तिनंच सांगितलं होतं. सवतीवर नांदणाऱ्या बाया तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. आपलीही नांदेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

म्हणून चार वाजता पत्रूची रेंगी दाराशी लागली तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन तीच पुढे झाली. पत्रू खाटेवर बसला. पांढरं धोतर, नवी टोपी, अंगानं भरलेला. मांडवाचं कौतुक केलं, सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली. गुणवंतराव शेजारी बसून नुसता हं हं करत होता. बैल अजून जुवालाच जुंपलेले होते. त्यांना सोडायला कोणी आलं नव्हतं.

कमळा दारातून सरळ खाटेपुढे येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर तिनं घेतलेला नव्हता. तिच्यामागं रंभा, आणि रंभामागं सुगंधाबाई.

"मंगली कशी हाय?" तिनं विचारलं.

पत्रू जरा चमकला, मग हसला. "बरी हाय. दोन लेकरं झाली पाठोपाठ. एकटीची तारांबळ होते. आता धानाची रोवनी तोंडावर आली. तू आली त घराले हात होईन."

"म्हंजे रोवनीले बाई कमी पडली म्हनून आले तुमी."

"मान देऊन न्याले आलो, अन् तू असं बोलते?" पत्रूनं गुणवंतरावाकडे पाहिलं. "तुमी म्हनले होते, तयार हाय."

"कोर्टात लिवून देल्लं तुमी, लगन नाई झालं. मंगली कामाची बाई हाय. मंग ही दोन लेकरं कोनाची?"

"कमळे!" रुखमाबाई म्हणाली.

"थांब माय. त्याइले बोलू दे."

पत्रूचा चेहरा लाल झाला. चार माणसांत, बायांसमोर त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. तो खाटेवरून उठला. "चोरावानी मले काय विचारते? म्या काई चोरी नाई केली. पाच वर्सं तुले लेकरू झालं नाई. म्या रीतीनं विचारलं. या तुह्या भावालेच विचारलं! तो म्हनला, तुमचा वंश चालला पायजे, आमची हरकत नाई. चामोर्शीच्या मंदिरात लगन लागलं तवा हा पंगतीत बसला होता. म्या माह्या हातानं बुंदी वाढली याले. विचार!"

सपरीतल्या बाया उठून पुढे आल्या.

रुखमाबाईनं लेकाकडे पाहिलं. तो नाही म्हणेल म्हणून तिनं वाट पाहिली. त्यानं मान खाली घातली. आणि मग तिला ती संध्याकाळ आठवली. ती तापानं पडून होती, कमळा तिच्या उशाशी, आणि बैलजोडी पाहायला चामोर्शीला गेलेला गुणवंता पळसाच्या पानांत बांधलेला पुडा घेऊन घरी आला होता. तोंड कडू झालं असन माय, थोडी खाय, म्हणाला होता. पुडा कमळानंच सोडला होता.

कमळालाही तेच आठवलं असावं. तिचा आवाज एकदम खाली आला. "भाऊ, ते बुंदी तिच्या लग्नातली होती?"

गुणवंतराव खाटेवरून उठू लागला.

"म्या खाल्ली ते. मायले भरवली आन् उरलेली म्या खाल्ली. तुमी समोर बसून पाहून राह्यले होते."

"मले वाटलं..." गुणवंतराव पुटपुटला. "मले वाटलं, सांगून तुले दुखच होईन. तो करनारच होता. म्या नाई म्हनलो असतो तरी केलं असतं."

"मलेबी पाच वर्सं लेकरू नव्हतं झालं," सुगंधाबाई अचानक म्हणाली. नवऱ्याशी इतक्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती. "तवा तुमी कोनाले विचारून ठेवलं होतं? माह्या भावाले? त्यालेबी बुंदी खाऊ घालनार होते काय?"

"तू मंधात बोलू नोको!"

"बोलीन. आज बोलीन."

रुखमाबाईचे गुडघे दुखत होते, तरी ती खांबाला धरून उठली. सवतीवर नांदण्याचं जे काही तिनं मनाशी घोळवलं होतं, ते आता तिला ओठांवर आणवेना. पोटच्या पोरानं पोटच्या पोरीला फसवलं होतं, आणि त्याच घरात उद्या दुसरीचं लग्न होतं. ती पत्रूपुढं जाऊन उभी राहिली.

"जवाईबापू, बैलं सोडू नोका," ती म्हणाली. "असेच वापस जा."

"लग्नाच्या घरून पावन्याले हाकलता?"

"तुमी पावने नाई आले. तुमी बाई न्याले आले. बाई येत नाई."

पत्रूनं टोपी सारखी केली. "मंग कोर्टातच पाहू. म्या तिथी एकच सांगीन, लगन झालं नाई. कोन साक्ष देते पाहू माह्या विरोधात." रेंगीत चढताना त्यानं गुणवंतरावाकडे पाहिलं, पण त्या नजरेला गुणवंतरावानं नजर दिली नाही.

रेंगी वळली तेव्हा सुगंधाबाई खाली वाकून अंगणातल्या चिठ्ठ्या गोळा करत होती. शेण लागलेली एकेक चिठ्ठी ती पदरानं पुसत होती. आणि रंभा उभ्या जागी रडत म्हणत होती, "आता दादाजीले काय सांगाचं? उद्या मांडवात काय सांगाचं?"

"तो सांगंन," रुखमाबाई लेकाकडे बोट करून म्हणाली. "खोटं त्यानं सांगतलं. खरंबी तोच सांगंन."

*

गुणवंतराव सकाळी शाळेतल्या जानोशाला गेला तेव्हा वऱ्हाड आंघोळी उरकत होतं. दादाजी शाळेच्या ओट्यावर दातण करत बसला होता. अहेरीत त्याच्या शब्दाला वजन होतं. कमी बोलायचा आणि बोललेलं विसरायचा नाही.

"या इवाई. थोरले जवाई आले काय?"

वाटेत गुणवंतरावानं दोन-तीन तऱ्हेनं वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. "नाई जी. येनार नाईत. म्या तुमाले खोटं सांगतलं होतं," तो म्हणाला, आणि मग सारंच सांगून टाकलं. मंगली, कोर्ट, चामोर्शीची पंगत. बुंदीचं मात्र त्याच्यानं सांगवलं नाही.

दादाजीनं दातण फेकलं, चूळ भरली, तोंड पुसलं. "नवऱ्यानं टाकली त्यात पोरीचा काय दोष? साक्षगंधाले सांगतलं असतं त म्या बसून ऐकलं असतं. तुमी काऊन खोटं बोलले?"

"लगन मोडंन म्हनून भेलो, जी."

"आता नाई मोडनार काय?"

गुणवंतराव ओट्याच्या कडेला बसला. दादाजीनं तांब्या उचलून पाय धुतले. वऱ्हाडातली म्हातारी माणसं ओट्याशी जमली होती.

"पोराले हळद लागली. पोरीलेबी लागली. लगन लागंन," दादाजी शेवटी म्हणाला. "पन तुमचा आहेर माह्या घरी येनार नाई. एक कपडा नाई. खोटं बोलून देल्लेलं लुगडं माह्या घरच्या बाया नेसनार नाईत. उठा. मुहूर्त टळून जाईन."

लग्न लागलं. वाजंत्री वाजली, पंगती उठल्या. आहेराच्या वेळी गुणवंतरावानं परात उचलली तेव्हा दादाजीनं नुसता हात आडवा केला, आणि मांडवातल्या साऱ्या माणसांनी ते पाहिलं. चाळीस लुगडी-धोतरं घड्या न मोडता परातींत तशीच राहिली. त्यांवर सुगंधाबाईनं पुसून पुन्हा बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या. वाऱ्यानं केशरी गोंडे हलत होते. बाया एकमेकींच्या कानाशी लागल्या. गुणवंतराव परात धरून उभा होता आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

निरोपाच्या वेळी रंभा मायच्या गळ्यात पडली, वहिनीच्या पडली. भावाच्या पाया पडली, पण तोंडाकडे पाहिलं नाही. मग कमळापुढं उभी राहिली.

"तू बरोबर होती, बाई," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते आणि आवाजात राग होता. "मले समजते सारं. पन मी रिकाम्या हातानं सासरी चालली. तिथी जलमभर बोलतीन मले. एक दिवस थांबली असती त काय झालं असतं?"

"एक दिवस थांबली असती त आज त्याच्या रेंगीत असती मी."

रंभानं ओठ दाबले. बहिणीचा हात तिनं घट्ट धरला, नखं रुततील इतका, आणि सोडून गाडीत चढली.

दिवस कलला तेव्हा मांडवात गुणवंतराव एकटाच बसला होता. आज त्याला कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. कमळा आली आणि उभ्यानंच बोलली.

"बुधवारी चांद्याले तारीख हाय. तुमी याचं."

त्यानं वर पाहिलं. "म्या?"

"वकीलसाहेबाले लगन पाह्यलेला मानूस पायजे. तुमी पंगतीत होते."

"कमळा, कोर्टात उभं राहून असं सांगू? ज्या मान्साले म्या हो म्हनलं, त्याच्या विरोधात? उद्या लोकं मले काय म्हनतीन?"

"तुमी जे हायत तेच म्हनतीन."

"आन् नाई आलो त?"

"त कोर्टाचा समन्स येईन. शिपाई गावात तुमचं नाव विचारत फिरंन. मी वकीलसाहेबाले सारं सांगनार हाय. बुंदीचंबी." तिच्या आवाजात विनवणी नव्हती. लहानपणापासून ती त्याच्याशी ज्या आवाजात बोलत आली होती, तो आवाज आज नव्हता. तो परत येणार नाही, हे गुणवंतरावाला तिथंच बसल्या बसल्या कळलं, आणि काल लाथ मारताना आला नव्हता तेवढा राग त्याला आला. तो राग कोणावर काढावा, हे मात्र कळेना.

आत रुखमाबाई खोकली. सुगंधाबाई भांडी आपटत होती.

"आलापल्लीहून मोटार सकाळी सातले सुटते," तो शेवटी म्हणाला. "पहाटेच गाडी जुपा लागंन."

"जुपा," कमळा म्हणाली, आणि आत निघून गेली.